घर विकले, घरपट्टी उतरली : मेहनताना कोणी द्यावयाचा?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत मला पाचारण झाले तेव्हा संयोजकांनी विषय दिला होता ‘व्यापार आणि व्यवहारशुद्धी’. मी बी.कॉम.पर्यंत शिकलेला आणि चाळीस वर्षे मीटरपट्टी हाती घेऊन गादीवर बसलेला मनुष्य. एवढा मोठा विषय मला पेलणारा नाही. त्यावर बोलण्यास विद्वान मंडळी आहेत आणि त्यांनी मागील दोन दिवस उत्तम विवेचन केले आहे. मी आपल्यासमोर केवळ चार हजार आठशे रुपयांचे एक बिल ठेवणार आहे. ते बिल माझ्या नावाचे होते, मी ते दुसऱ्याच्या माथी मारू पाहिले आणि त्यापायी एका सज्जन गृहस्थाशी असलेला माझा संबंध दोन वर्षे तुटला. आता आपल्यापैकी पुष्कळांची मुले पुण्या-मुंबईस स्थायिक झाली आहेत आणि गावाकडील जुनी घरे विक्रीस निघत आहेत. तेव्हा हा प्रसंग उद्या कोणावरही येऊ शकतो.

आमचे मूळ घर सातारा जिल्ह्यातील एका जुन्या बाजारपेठेच्या गावी होते. गावाचे नाव मी हेतुपुरस्सर सांगत नाही. तेथील कार्यालयाचा अगर कोणा व्यक्तीचा बोभाटा करण्याचा माझा उद्देश नाही. वडील सांगलीस कापडाच्या धंद्यात आले तेव्हा नातलगांची पत्रे ‘जिल्हा दक्षिण सातारा’ अशा पत्त्यावर येत असत. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे विभाजन झाले आणि १९६० साली आपल्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. ही जुनी पाकिटे अजून माझ्या कपाटात आहेत. दोन जिल्हे झाले तरी आमचा एक पाय तिकडे राहिला, तो त्या घरामुळे. पुढे सोपा, मधले घर, वर निम्मी माडी, मागे परसू आणि परसात गोठ्याची पडवी. भिंती मातीच्या, वर कौले. वाटणीत ते माझ्याकडे आले.

२०१३ साली त्या नगरपरिषदेने चतुर्थ वार्षिक पाहणी केली. नगरपरिषदांच्या हद्दीत दर चार वर्षांनी आकारणी यादीची फेरतपासणी होते, हे आपण जाणताच. मोजणीस आलेल्या मुलांनी माळा हा मजला धरला, पडका गोठा निवासी धरला आणि मातीच्या भिंतींना पक्क्या बांधकामाचा दर लावला. घरपट्टी वर्षास ३,९०० रुपये होती, ती एकदम ११,४०० रुपये झाली. नोटीस पाहून माझा तोल गेला. हरकत नोंदविण्याची मुदत ठरलेली असते. सांगलीहून वारंवार जाणे मला शक्य नव्हते. तेथे घरपट्टीच्या हरकतींचे काम करणारे एक कर सल्लागार होते. त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, “शेठ, आगाऊ काही नको. जेवढी घरपट्टी कमी करून देईन, त्या चार वर्षांच्या बचतीचा चौथा हिस्सा माझा. कमी झाली नाही तर एक रुपया देऊ नका.” मी आनंदाने अधिकारपत्रावर आणि करारावर सही केली.

येथे एक गोष्ट मध्येच सांगतो. हे गृहस्थ वकील नव्हते. वकिलाने निकालावर अवलंबून असणारी फी ठरविणे अगर मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठेवणे, यास भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांत मनाई आहे. सल्लागार वा एजंट यास तो नियम लागू नाही. म्हणून ‘काम झाले तर टक्केवारी’ असे जेथे आढळेल, तेथे समोरचा मनुष्य कोण आहे हे प्रथम विचारून घ्यावे.

हरकतीची सुनावणी लांबत गेली. दरम्यान घरास गिऱ्हाईक आले. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, त्याच पेठेत भाड्याने राहणारे. त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाचा बस्ता आमच्या सांगलीच्या दुकानातून गेला होता, तेव्हापासूनची ओळख. मी त्यांना गुरुजी म्हणतो, ते मला शेठजी. किंमत ठरली, साठेखत झाले. खरेदीखताच्या वेळी घरपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला हवा होता, म्हणून मी वर्षाचे ११,४०० रुपये हरकतीस बाधा न आणता भरून टाकले. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी दुय्यम निबंधकांसमोर सह्या झाल्या आणि १ डिसेंबरपासून घर गुरुजींचे झाले. उरलेल्या चार महिन्यांची घरपट्टी दरमहा ९५० प्रमाणे ३,८०० रुपये गुरुजींनी तेथेच मोजून दिली. माझ्या वाट्यास आठ महिन्यांचे ७,६०० राहिले. हिशेब चोख झाला, असे मला वाटले.

परंतु एक गोष्ट मी सांगितली नव्हती. हरकत प्रलंबित आहे आणि तिच्यावर टक्केवारीचा करार आहे, याचा मी उच्चारच केला नाही. विसरलो, असे मी पुढे दोन वर्षे सर्वांना सांगत आलो. आज या व्यासपीठावरून खरे सांगतो, मी विसरलो नव्हतो. ‘घरपट्टीचा वाद चालू आहे’ असे म्हटले तर गुरुजी बिचकतील, किंमत पाडून मागतील अगर कोणा जाणत्यास विचारावयास जातील, अशी मला धास्ती होती. आपल्या खरेदीखतांत एक ठरीव वाक्य असते, ‘सदर मिळकतीबाबत कोणताही वाद, तंटा, दावा अगर अपील प्रलंबित नाही’. ते वाक्य लेखनिकाने वाचून दाखविले, मी मान हलविली आणि त्याखाली सही केली.

फेब्रुवारीत फेरफार होऊन घरपट्टीच्या दप्तरी गुरुजींचे नाव लागले. मार्च २०१४ मध्ये हरकतीचा निकाल लागला. घरपट्टी ११,४०० वरून ६,६०० वर आली, म्हणजे वर्षास ४,८०० रुपये कमी. आदेशावर नाव माझे होते, पण खाते गुरुजींचे झालेले. मी जादा भरलेले ४,८०० रुपये त्या खात्यात जमा दाखवून पुढील वर्षाच्या बिलातून वळते झाले. गुरुजींना ६,६०० च्या ऐवजी १,८०० रुपयांचे बिल आले. त्यांनी ते भरले आणि नवे घर शुभ लाभले, असे म्हणून पेढे वाटले. जूनमध्ये माझ्या दुकानी सल्लागारांचे बिल आले. चार वर्षांची बचत १९,२०० रुपये, तिचा चौथा हिस्सा ४,८०० रुपये.

बंधू-भगिनींनो, त्या बिलाकडे पाहून माझ्यातील व्यापारी काय म्हणाला, ते ऐका. चार वर्षांपैकी घर माझे होते केवळ आठ महिने. उरलेले चाळीस महिने फायदा गुरुजींचा. मग फी माझ्याकडे कशी? मी सल्लागारांस कळविले की घर विकले आहे, नव्या मालकाकडून घ्या. ते गुरुजींकडे गेले. गुरुजी म्हणाले, “मी तुम्हांस ओळखत नाही, कोठेही सही केली नाही. मला विचारले असते तर मी स्वतः अर्ज लिहिला असता. पस्तीस वर्षे मुलांचे निबंध तपासले आहेत, एक अर्ज मला लिहिता आला नसता काय?” सल्लागारांचा मुलगा पुन्हा माझ्या दुकानी आला आणि लग्नसराईत गिऱ्हाइकांच्या देखत मोठ्याने पैसे मागू लागला. मी पैसे दिले, पण राग गुरुजींवर धरला. फोनवर त्यांना नको ते बोललो. त्यांनी शांतपणे फोन ठेवला.

आता या प्रकरणात कायदा काय सांगतो, ते पाहू. हे मी नंतर शिकलो. आधी शिकलो असतो तर फोन केला नसता.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम हा १८८२ सालचा. त्याच्या कलम ५५ मध्ये विकणारा व घेणारा यांची कर्तव्ये दिली आहेत. उभयतांत वेगळे ठरलेले नसेल तर विक्रीच्या तारखेपर्यंत देय झालेले सार्वजनिक कर विकणाऱ्याने द्यावेत आणि मालकी गेल्यानंतरचे घेणाऱ्याने, अशी त्याची योजना आहे. घरपट्टीची वाटणी ही अशी तारखेवर होते. परंतु सल्लागाराची फी हा कर नव्हे. तो दोन माणसांतील करार आहे. ज्याने सही केली त्याने द्यावयाचे. घर विकले म्हणून सही विकली जात नाही.

कोणी म्हणेल, फायदा घेतला त्याने मोबदला द्यावा, असे १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७० मध्ये आहे. मीही हेच कलम घेऊन एका वकील मित्राकडे गेलो होतो. तो हसला. म्हणाला, “कलम नीट वाच. दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले, फुकट करण्याचा हेतू नव्हता आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर भरपाई. तू हरकत घेतलीस तेव्हा गुरुजी चित्रात तरी होते काय? तू ती स्वतःसाठी घेतलीस. शिवाय तो लाभ नाकारण्याची संधी त्यांना कधी मिळाली? निकाल लागल्याचे त्यांना बिलावरून कळले.” माझ्याजवळ उत्तर नव्हते. मग त्याने विचारले, “खरेदीखतात ‘कोणतेही अपील प्रलंबित नाही’ असे लिहिले आहेस ना? ते वाक्य घेऊन कोर्टात उभा राहशील?” मी घरी परतलो.

कर आणि फी यांतील फरक आणखी एका अंगाने पाहण्यासारखा आहे. आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेस, जी १९९८ साली स्थापन झाली, जो कायदा लागू आहे तो मूळचा १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. आज त्यास महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. त्यातील कलम १४१ अन्वये मालमत्ता कराचा बोजा त्या मिळकतीवर राहतो. म्हणजे कर हा घराच्या पाठीस लागलेला असतो. परंतु यासही मर्यादा आहे, हे अहमदाबादच्या एका प्रसिद्ध निकालाने दाखविले. अहमदाबाद महानगरपालिका विरुद्ध हाजी अब्दुलगफूर हाजी हुसेनभाई, सर्वोच्च न्यायालय, १९७१. तेव्हा अहमदाबादेतही हाच कायदा होता. एका गृहस्थाने कोर्टाच्या लिलावात घर घेतले. आधीच्या मालकाने पालिकेचा कर थकविला होता, पालिकेने घर जप्त केले. न्यायालयाने म्हटले की केवळ बोजा आहे एवढ्यावरून, थकबाकीची जाणीव नसताना मोल देऊन घेणाऱ्याविरुद्ध तो बजावता येणार नाही. कायद्यात तशी स्पष्ट तरतूद हवी. खुद्द सरकारी कराची ही स्थिती. वीजबिलांविषयी २०२३ साली केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच स्वरूपाचे विवेचन केले. जुन्या मालकाची वीज थकबाकी कायद्यात तसे म्हटल्याखेरीज मिळकतीवर बोजा ठरत नाही, मात्र नियमांत तरतूद असेल तर वीज कंपनी ती भरेपर्यंत नवी जोडणी नाकारू शकते. तेव्हा एका खाजगी सल्लागाराची टक्केवारी घराबरोबर नव्या मालकाच्या अंगणात चालत जाईल, ही माझी समजूत किती पोकळ होती, ते आपल्या ध्यानी आले असेल.

याचा अर्थ घेणाऱ्याने निर्धास्त राहावे असा नाही. निकाल आपल्या बाजूने असला तरी त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. दाखला पाहूनच व्यवहार करणे शहाणपणाचे.

विकणाऱ्यांनी आणखी एक नियम लक्षात ठेवावा. महानगरपालिका हद्दीत हस्तांतरणाची सूचना तीन महिन्यांच्या आत आयुक्तांकडे द्यावयाची असते. ती न दिल्यास, घर विकून टाकले तरी, कराची जबाबदारी जुन्या मालकावर चालू राहते. वखारभागातील एका परिचितांस गाळा विकल्यानंतर सहा वर्षांनी नोटीस आली होती. ते नोटीस घेऊन माझ्याकडे आले तेव्हा म्हणत होते, गाळ्याची किल्ली दिली म्हणजे सर्व दिले असे मला वाटले.

आणि महानगरपालिकेच्या आकारणीविरुद्ध न्यायालयात अपील करावयाचे असेल तर कलम ४०६ अन्वये आधी तक्रार केलेली असावी लागते, अपिलाची मुदत अवघी पंधरा दिवसांची असते आणि मागणी केलेला कर आधी भरावा लागतो. म्हणजे येथे माझ्या ४,८०० रुपयांची गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडू शकते. कारखान्याची शेड वा मंगल कार्यालय असेल तर भरलेली रक्कम लाखांत जाते. अपील चालू असताना मिळकत विकली, दोन-तीन वर्षांनी निकाल लागला आणि परतावा नव्या मालकाच्या खात्यात वळता झाला, तर विकणारा हात चोळीत बसतो. पालिकेचा यात दोष नसतो. तिच्या दृष्टीने खाते एकच आहे, मिळकत क्रमांकाचे.

कापडबाजारात हा प्रश्न आपणांस नवा नाही. गिरणीने माल पाठविला, आपण तो पुढच्या दुकानदारास विकला आणि महिन्याने गिरणीकडून भावफरकाची जमा-चिठ्ठी आली. तो भावफरक कोणाचा? ज्याचे पैसे गिरणीकडे जादा गेले त्याचा. आणि भावफरक मिळवून देणाऱ्या दलालाची दलाली कोणाची? ज्याने दलाल लावला त्याची. जांगड माल असेल तर गोष्ट निराळी. ही रूढी लहान गुमास्त्यासही ठाऊक असते. मला मात्र घराच्या बाबतीत ती सुचली नाही. सुचू दिली नाही, असे म्हणणे अधिक खरे.

अमेरिकेत हा धंदा फार वाढला आहे. माझा भाचा टेक्सास राज्यात ह्यूस्टनजवळ राहतो. तेथे घराच्या मूल्यांकनावर दरवर्षी हरकत घेता येते, बहुधा १५ मेपर्यंत, आणि बचतीच्या टक्केवारीवर हरकत लढविणाऱ्या कंपन्या आहेत. घर विकताना वर्षाचा कर दिवसागणिक वाटून घेण्याची तेथे पद्धत आहे. हरकत चालू असता घराची मालकी बदलली तर नव्या मालकास ती हरकत पुढे चालविता येते, अशी तेथील कायद्यात सोय आहे. भाच्याने घर विकले आणि पुढे कंपनीचे बिल त्याच्याच पत्त्यावर आले. त्याने मला फोनवर विचारले, “मामा, हे मी द्यावयाचे काय?” मी विचारले, “सही कोणाची?” तो म्हणाला, “माझी.” आमचे संभाषण तेथेच संपले. मला ते कळण्यास दोन वर्षे लागली होती, त्याला दोन मिनिटे लागली.

आता माझा हिशेब. तो मी पुढे कागदावर मांडला, तो आपणांसमोर ठेवतो, कारण यात दोन निरनिराळ्या रकमा आहेत आणि आम्ही दोघेही त्या एकमेकींत मिसळून भांडत होतो. पहिली रक्कम परताव्याची. माझ्या आठ महिन्यांची खरी घरपट्टी ६,६०० च्या दराने ४,४०० होते. मी सोसली ७,६००. म्हणजे जादा ३,२००. गुरुजींच्या चार महिन्यांची खरी २,२००, त्यांनी मला दिले ३,८००, म्हणजे जादा १,६००. दोन्ही मिळून ४,८००, आणि ते सर्व गुरुजींच्या बिलात वळते झाले. त्यातील ३,२०० रुपये माझे होते. दुसरी रक्कम फीची, तीही योगायोगाने ४,८००. बचतीच्या प्रमाणात वाटली तर आठ महिन्यांचे ८०० माझे आणि चाळीस महिन्यांचे ४,००० गुरुजींचे. ही वाटणी न्याय्य दिसते खरी. पण ती आधी बोलून ठरविली असती तर न्याय्य. ज्यास विचारलेच नाही त्याच्या नावे चार हजार लिहिणे हा न्याय नव्हे, ती उधारीची खोटी नोंद होय.

विशेष असे की ज्या ३,२०० रुपयांवर माझा खरा हक्क होता, ते मी कधी मागितलेच नाहीत. त्यांचा मला पत्ताच नव्हता. ज्या ४,००० वर हक्क नव्हता, त्यासाठी मात्र मी संबंध तोडला.

हा कागद मी मांडावयास बसलो तो कशामुळे, तेही सांगितले पाहिजे. २०१६ साली गुरुजींच्या धाकट्या मुलीचे लग्न ठरले. बस्ता सांगलीहून नेणार, हे त्यांच्या घरात आधीपासून बोलले जात असे. तो कऱ्हाडला फाडला. आमच्याकडे माल घेऊन येणाऱ्या एका टेम्पोवाल्याने सहज सांगितले. व्यापारी माणसास गिऱ्हाईक तुटल्याचे दुःख असते, पण हे ते नव्हते. माझी पत्नी म्हणाली, “चार हजारांसाठी लेकीचा बस्ता घालविलात.” त्या रात्री मी जुनी फाईल काढली आणि कागदावर आकडे मांडले.

त्या रविवारी एस.टी.ने गेलो. दार गुरुजींनीच उघडले. ज्या सोप्यात माझे बालपण गेले तेथे पाहुण्यासारखा बसलो. मी प्रथम खरेदीखतातील ते वाक्य वाचून दाखविले आणि म्हटले, “गुरुजी, हे मी खोटे लिहून दिले होते.” ते काही बोलले नाहीत. मग कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन्सिल घेतली आणि एकेक ओळ तपासली. माझ्या ३,२०० च्या आकड्याभोवती वर्तुळ काढून म्हणाले, “हे तुमचे. मला कळावयास हवे होते. बिल एकदम एवढे कमी कसे आले, हे मी विचारले नाही, पेढे वाटून मोकळा झालो.” मग फीच्या ओळीवर पेन्सिल टेकवून म्हणाले, “हे मात्र तुमचे तुमच्यापाशी. मला विचारले असतेत तर कदाचित निम्मे दिले असते. आता विचारू नका.” मी म्हटले, “विचारण्यास आलो नाही.” त्यांच्या पत्नीने चहा आणला. गुरुजींनी ३,२०० रुपये दिले, ते मी घेतले. न घेतले असते तर त्यांस अपमान वाटला असता.

आता ज्यांना घर विकावयाचे आहे त्यांच्यासाठी. हरकत वा अपील चालू असेल तर ते साठेखतातच लिहावे. खरेदीखतापर्यंत थांबू नये, कारण तेव्हा पैसे हलण्याची घाई असते आणि कोणी वाचीत नाही. हरकत कोणत्या वर्षाच्या आकारणीवर आहे, सल्लागार नेमला असल्यास त्याची फी किती व कोणत्या बचतीवर, ती फी कोणी किती द्यावयाची, विक्रीच्या तारखेपूर्वीचा परतावा नव्या मालकाच्या खात्यात आला तर त्याने तो किती दिवसांत विकणाऱ्यास द्यावयाचा आणि सुनावणीस पुढे कोणी हजर राहावयाचे, एवढे चार-पाच ओळींत मावते. सल्लागाराशी करार करताना ‘मिळकत विकल्यास फी केवळ माझ्या मालकीच्या काळातील बचतीवर’ एवढे एक वाक्य मी लिहून घेतले असते, तर माझे बिल ८०० रुपयांचे आले असते. सल्लागार कदाचित कबूल झाला नसता. पण निदान मी विचारले तरी असते. आणि घेणाऱ्यांनी नुसता थकबाकी नसल्याचा दाखला पाहू नये, आकारणीचा उताराही मागावा, त्यावर हरकतीची नोंद आहे काय ते विचारावे. टक्केवारी कशावर काढली जाते तेही पाहावे. घरपट्टीच्या बिलात शिक्षण कर इत्यादी अन्य करही एकत्र असतात आणि करयोग्य मूल्य उतरले की तेही उतरतात. बचत एकूण बिलावर धरली की फीही त्याप्रमाणात फुगते.

विश्वस्त मंडळास एक विनंती. ट्रस्टला कोणी घर वा गाळा दान देत असेल तेव्हा दानपत्रापूर्वी हाच प्रश्न दात्यास विचारावा. विचारण्यास संकोच वाटतो, हे खरे आहे. दान देणाऱ्यास हिशेब विचारणे बरे दिसत नाही, असे आपण म्हणतो. परंतु उद्या दात्याच्या मुलांकडे सल्लागाराचे बिल गेले आणि ती मुले ट्रस्टच्या दारी आली, तर तो संकोच फार महाग पडेल.

वेळ झाल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी पाठविली आहे. एवढेच सांगून बसतो. २०१७ साली त्या गावी पुन्हा चतुर्थ वार्षिक पाहणी झाली आणि माळा पुन्हा मजला धरला गेला. गुरुजींचा फोन आला. वडिलांनी काढलेल्या जुन्या बांधकाम परवानगीचा नकाशा माझ्याकडे असल्यास पाठवा, म्हणाले. तो मी एस.टी.च्या पार्सलने पाठविला. त्यांनी स्वतः अर्ज लिहिला, स्वतः सुनावणीस उभे राहिले. दीड महिन्याने दुकानी पोस्टकार्ड आले. त्यावर लाल पेन्सिलीने लिहिले होते, ‘हरकत अंशतः मान्य. एकूण खर्च झेरॉक्सचे २८ रुपये. यात आपला वाटा काही नाही. नकाशा परत पाठवीत आहे.’